नापास गाडीचं इंजिन

आरटीओत पासिंगच्या रांगेत माझ्यापुढे दोन पिकअप उभ्या होत्या. नवी होती ती आंबा वाहणाऱ्या नितेशची, आणि गंजलेली होती ती मासळीवाल्या दत्तारामकाकांची. नितेशनेच सुरुवात केली.

"काका, तुमच्या पत्र्यातून खालचा रस्ता दिसतोय. ही काय पास व्हायची नाही."

"पत्रा गंजला रे. इंजिन नाय गंजलं."

"माझ्या इंजिनात तुमच्या दीडपट ताकद आहे. भरल्या गाडीने आंबा घाट सहज चढते."

"मग गेल्या मे महिन्यात साखरप्याला दोन दिवस उभी कशाला होती?"

"सेन्सर गेला होता. कोल्हापूरचा माणूस लॅपटॉप घेऊन आला तेव्हा चालू झाली."

"आणि पेट्यांतले आंबे?"

"पिकले."

"माझी बंद पडली की मी पाना घेऊन खाली वाकतो. एकवीस वर्षांत दुसरा माणूस लागला नाय."

"पण आज नापास झाली तर भंगारातच देणार ना?"

"गाडी देईन. इंजिन होडीत बसवणार."

"गाडीचं इंजिन होडीत?"

"माझ्या बापाच्या होडीत ट्रकचं होतं. मिरकरवाडा बंदरातला मिस्त्री काल येऊन इंजिन ऐकून गेला. म्हणाला, अजून दहा वर्षं ओढेल. तुझ्या इंजिनाचंपण विचारलं मी त्याला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बसवतो, पण त्या लॅपटॉपवाल्याला पोहता येतं का ते आधी विचार."

पुढून साहेबांनी हात केला. काका गाडीत चढले आणि पहिल्याच चावीला इंजिन धडधडलं.

"थांब हां नितेश. नापास होऊन येतो."