शून्य टक्के पाऊस

...अहो, तीस टक्के म्हणजे तीस टक्के! यात न कळण्यासारखं काय आहे? अशी हवा दहा वेळा झाली तर तीनदा पाऊस पडेल, सातदा पडणार नाही, संपलं! पण नाही! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं झाली मला टीव्हीवर हवामान सांगताना, आणि या टॅमरॅक गावात तीस टक्के कळलेला एक माणूस मला अजून भेटायचाय. पाऊस पडला की म्हणतात, "लाइल, तू तर तीसच म्हणाला होतास!" नाही पडला की म्हणतात, "लाइल, तू तर तीस म्हणाला होतास!" म्हणजे वाक्य तेच, फक्त तोंड दुसऱ्या बाजूला वाकडं. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

बरं, उन्हाळ्यात हे चालून जातं. जुलैत पाऊस पडला काय, न पडला काय, लोक तळ्यावर मासे धरत बसलेले असतात, मासे काय आधीच ओले. पण एकदा सप्टेंबर लागला, फुटबॉल सुरू झाला, तो आमचा हेल्मेट घालून धडका मारायचा फुटबॉल, की गेलो मी! गुरुवारी बारक्या पोरांचा सामना, शुक्रवारी शाळेचा, शनिवारी कॉलेजचा, रविवारी ग्रीन बेच्या व्यावसायिक संघाचा... आठवड्यात उरले किती दिवस? तीन! आणि त्या तीन दिवसांत लोक एकच विचारतात, "हवा कशीये?" आमच्या टीव्ही स्टेशनच्या बाईंनी तर खास कार्यक्रमच काढला, 'फुटबॉलची हवा', आणि त्यात मी हेल्मेट काखेत धरून उभा राहायचं! चौपन्न वर्षांचा माणूस मी! हेल्मेट काखेत, पोट पुढे, मागे ढगांचा नकाशा. बाई म्हणतात, "लोकांना जवळचं वाटतं." वाटतं ना! इतकं जवळचं वाटतं की पेट्रोल भरताना येऊन खांद्यावर हात टाकतात.

आमचे प्रशिक्षक ड्वेन. त्यांना चिखल हवा असतो. का, तर आपली पोरं जाडजूड, समोरची पळणारी, चिखलात सगळे सारखे. तर हे मला फोन करून म्हणतात, "लाइलसाहेब, शुक्रवारी जरा चांगला पाऊस खाली ओढा की." ओढा? मी काय वरून दोरी ओढतो? आणि फोन ठेवतोय तोवर बँडच्या बाईंचा, "लाइल, मुलांचे गणवेश लोकरीचे आहेत, भिजले की ओल्या कुत्र्यासारखा वास येतो, काहीतरी कर ना!" काय करू? एकाला चिखल हवा, एकीला ऊन हवं, आणि दोघांनाही ते माझ्याकडून हवं!

पण हेही सोसलं असतं मी. खरं दुखणं पुढेच आहे. अकरा वर्षांपूर्वी गावाच्या मोठ्या सामन्याला, तुम्हाला माहितीये, वर्षातून एकदा सगळे जुने विद्यार्थी परत येतात, मिरवणूक, नाच, सगळं, त्या सामन्याला मी म्हणालो तीस टक्के, आणि कोसळला! असा कोसळला की ब्रॅटवुर्स्ट सॉसेज पावात तरंगायला लागले! झालं. दुसऱ्या दिवसापासून गावानं ठरवून टाकलं की लाइल सांगेल त्याच्या उलट वागायचं. थट्टा नाही हो! मी ऊन म्हटलं की रेनकोट. मी पाऊस म्हटलं की बनियनवर. चौकातल्या बेव्हच्या कॅफेत फळाच लावलाय, वर लिहितात 'लाइल म्हणतो', खाली लिहितात 'म्हणून घाला'. आणि दहातले आठ अंदाज माझे बरोबर येतात, कागद आहेत माझ्याकडे! त्या आठ वेळा हीच माणसं कोरड्या हवेत रेनकोट घालून घामाघूम बसतात, पण त्याची आठवण कुणाला? कुणालाच नाही! उरलेल्या दोन वेळा मात्र टाळ्या! सांगा, यात माझं काय चुकलं?

आणि या उलट्या पार्टीचा म्होरक्या कोण? माझा सासरा. आर्विड. ब्याऐंशी वर्षांचा. सत्तावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, या माणसानं माझ्या शब्दावर साधी टोपी काढून ठेवली नाही. मी म्हणायचो, "बाबा, आज छान ऊन आहे." ते मुकाट्यानं गमबूट चढवायचे. माझ्यासमोर! माझ्याच दारात बसून! बायको, मार्लिस, म्हणायची, "मनाला लावून घेऊ नकोस, त्यांना शेतकरी जावई हवा होता." शेतकरी! शेतकऱ्याला तरी कुठे कळतं उद्या काय पडणार? मलाच विचारतो ना तो!

तर या ऑक्टोबरात तोच मोठा सामना, शुक्रवार, संध्याकाळी सात. आणि मध्यंतरात आर्विडचा सत्कार. एकोणसाठ साली टॅमरॅकचा संघ एकही सामना न हरता राहिला, त्या संघातला आता हा एकटा उरलाय. बाकीचे सगळे गेले. मैदानाच्या मधोमध जाऊन उभं राहायचं, नाव पुकारणार, लोक उभे राहणार, एवढंच. पण म्हातारा ऑगस्टपासून त्याच्यावर जगत होता. आणि फेब्रुवारीत त्यांना न्यूमोनिया होऊन गेलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "थंडीत भिजू देऊ नका. आणखी एकदा झाला तर फुफ्फुसं साथ देणार नाहीत." मला सांगितलं होतं बरं का, मार्लिसला नाही. मी ते पोटात ठेवलं होतं.

सोमवारी मी पाहिलं, वीस टक्के. म्हटलं, ठीक. मंगळवारी तीस... तेच ते तीस! बुधवारी साठ. आणि गुरुवारी दुपारी जे आकडे आले ते मी तीनदा तपासले. पंच्याण्णव! हाडं गोठवणारा पाऊस, वर बर्फाचे कण, कधी? आठ वाजता. मध्यंतर कधी? आठ वाजता! आणि फुटबॉल पावसासाठी थांबत नाही हो, वीज कडाडली तर थांबतो, पाऊस म्हणजे तर उलट मजा. छत्री उघडलीत तर मागचा ओरडतो, बसा खाली!

आता विचार करा. मी पंच्याण्णव म्हणालो, तर काय होणार? गाव बनियनवर येणार! आणि सगळ्यांत पुढे बनियनवर कोण? माझा सासरा! म्हणून मी, बावीस वर्षांत पहिल्यांदा, हेल्मेट काखेत धरलं, कॅमेऱ्यात बघून हसलो आणि म्हणालो, "शुक्रवारी आकाश निरभ्र. पावसाची शक्यता शून्य टक्के!"

शून्य! बोलताना जीभ अडखळली हो माझी. पण काय सुंदर काम झालं! दहा मिनिटांत ड्वेनचा फोन, "समजलो, साहेब! चिखलाचे लांब खिळे लावतो बुटांना!" बँडच्या बाईंनी गणवेशांवर घालायला प्लॅस्टिक मागवलं. बेव्हच्या फळ्यावर 'लाइल म्हणतो शून्य, म्हणून घाला सगळं!' मी घरी जाऊन गाढ झोपलो. अख्खं गाव वाचवलं होतं मी, एका खोट्यावर!

शुक्रवारी मैदानावर गेलो तर जिकडे पाहावं तिकडे पिवळं, निळं प्लॅस्टिक. वर एक ढग नाही, आणि तीन हजार माणसं रेनकोटात! माझा ऊर भरून आला. इतक्यात समोरून मार्लिस आली, हातात वडिलांचा हात. आणि आर्विडच्या अंगावर काय? शाळेचं ते जुनं लोकरी जाकीट, छातीवर शिवलेलं टॅमरॅकचं मोठं टी अक्षर. बस! टोपी नाही, रेनकोट नाही, गमबूट नाही!

"मार्लिस, यांचा रेनकोट कुठाय?"

"अरे, ऐकतच नाहीत. सकाळी कॅफेत काय झालं माहितीये का?"

काय झालं? सकाळी सगळे फळा वाचून हसत होते, तर हा म्हातारा स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "पुरे झालं. फेब्रुवारीत अकरा दिवस हा माणूस माझ्या खाटेजवळ बसला होता, तुमच्यातलं कोण आलं होतं? माझा जावई शून्य म्हणाला ना? मग शून्य!" आणि बाहीनं फळा पुसून टाकला.

सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षं ज्या वाक्याची मी वाट पाहिली ते वाक्य त्यांना सापडलं कधी, तर नेमकं त्या दिवशी! बाईसाहेबांनो, सद्गृहस्थहो, मी तिथे रडू की हसू?

मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "बाबा, पाऊस येणार आहे."

"तू काल शून्य म्हणालास."

"मी खोटं बोललो हो!"

"हे बघ लाइल," म्हातारा माझ्या दंडावर थोपटत म्हणतो, "चारचौघांना घाबरून शब्द फिरवायचा नाही. मी आहे ना तुझ्या पाठीशी?"

"माझा रेनकोट तरी घ्या!"

"म्हणजे बेव्हनं हसावं? चल!"

मी मार्लिसकडे पाहिलं, मार्लिसनं आकाशाकडे पाहिलं. आठला पाच कमी असताना पहिला थेंब माझ्या चष्म्यावर पडला. मग दुसरा... आणि मग मोजायचं कामच उरलं नाही! तीन हजार माणसांनी एका वेळी डोक्यावर टोपरी ओढली, सर्रर्र आवाज झाला, आणि सगळी माझ्याकडे वळून हात हलवतायत, "थँक्यू, लाइल!" आणि मैदानाच्या मधोमध, दिव्यांच्या उजेडात, एकटा, चिंब, ताठ उभा... आर्विड. मी रेनकोट घेऊन धावलो, चिखलात दोनदा पडलो, पोचलो, तर त्यांनी मला एका हातानं बाजूला सारलं आणि दुसऱ्या हातानं माइक घेतला. नाकावरून पाणी गळतंय. म्हणाले, "माझा जावई म्हणालाय पाऊस नाही. त्याअर्थी हा पाऊस नाही."

हसले हो लोक! केवढे हसले! मी तिथेच उभा, हातात रेनकोट, आणि त्या म्हाताऱ्याला मिठी मारावी की त्याच्या पाया पडावं, कळेना.

रविवारी दवाखान्यात नेलं. नऊ दिवस. नळ्या, मशिनं, आणि मार्लिस माझ्याशी बोलेना. डॉक्टरांनी सांगितलेलं मी तिच्यापासून लपवलं होतं, वर हा शून्याचा प्रताप. इथे मी विचारत नाही माझं काय चुकलं म्हणून. चुकलं. पुरतं चुकलं. सातव्या दिवशी म्हाताऱ्यानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी हवा... जरा दमट होती."

एवढंच! तेवढाच काय तो दोष दिला मला!

वाचले. घरी आले. आणि आता? आता ते रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसतात आणि मी जे म्हणेन तेच अंगात घालतात. तेच! अक्षर न अक्षर! म्हणजे गावासाठी उलटं सांगायची सोयच गेली, मला आता खरंच बोलावं लागतं हो, दुसरा इलाजच नाही! मागच्या आठवड्यात बाद फेरीचा सामना होता. मी सांगितलं, आठ इंच बर्फ, घराबाहेर पडू नका. आर्विड शेकोटीजवळ पाय पसरून बसले. आणि बाकीचं गाव? पातळ शर्टांत गेलं! बर्फ पडला साडेआठ इंच, गाड्या अडकल्या, ड्वेनच्या पोरांच्या बुटांना उन्हाचे आखूड खिळे, घसरून घसरून हरले, वर्ष संपलं! दुसऱ्या दिवशी ड्वेन माझ्या दारात, नाक लाल, आवाज बसलेला, डोळ्यांत पाणी. म्हणतो, "का रे असं केलंस लाइल? इतकी वर्षं निदान तुझ्यावर भरवसा तरी ठेवता यायचा!"

मी त्याची माफी मागितली. काय करणार?