कागदावरची दोन वर्षं

अर्जवाला : ...अहो सुईणबाई, खोटं बोलायचं तर निदान एकाच दिशेनं बोलावं. मागच्या सरहद्दीवर लेकीला अठराची केलीत, आज सोळाची म्हणताय. पोरी वाढताना पाहिल्यात मी, उतरताना ही पहिलीच.

सुईण : सोळाचीच आहे ती. जन्म मी दिला, मला नाही ठाऊक?

अर्जवाला : आणि या जन्मदाखल्यावर शिक्का कुणाचा?

सुईण : माझाच. तिथं अठराच्या आतली मुलं आईपासून काढून वेगळ्या इमारतीत ठेवत होते, दादा. आठवड्यातून एकदा जाळीतून भेट. हा धाकटा अंगावर पीत होता म्हणून सुटला. माझ्या पेटीत कोरे दाखले होते. हिची दोन वर्षं वाढवली नि पोर जवळ ठेवली.

अर्जवाला : आणि कालपासून इथला नियम नेमका उलटा. लहान मूल असेल तर आईसकट आत. अठरा भरलेलं माणूस एकटं धरायचं, नि शेवटी ज्या देशातून आलं तिथं परत. भिंतीवर कागद लावलाय, खळसुद्धा वाळली नाही अजून.

सुईण : परवापर्यंत अख्खं कुटुंब घेत होते की!

अर्जवाला : परवा तुमचा नंबर नव्हता.

सुईण : मग मीच जाते परत, हिच्याबरोबर.

अर्जवाला : धाकट्याला घेऊन? आता तो चांगला भाकरी मोडून खातो. त्याला तिथं तुमच्याजवळ कोण राहू देतंय?

लेक : काका, दाखला चुकला असं लिहा ना.

अर्जवाला : लिहितो की. माझं काय, शाई तेवढीच जाते. पण खिडकीतला साहेब विचारेल, चुकला की चुकवला? सुईणबाई, या छावणीत बाळंतपणं किती केलीत?

सुईण : अकरा. नऊ जगली.

अर्जवाला : त्यांचे दाखले?

सुईण : मीच दिले. दवाखान्यात आम्हाला दारात तरी उभं करतात का?

अर्जवाला : म्हणजे याच शिक्क्याचे. एक खोटा निघाला की बाकीचे नऊ साहेब खरे कशाला मानेल? मग कुठलं बाळ कुणाचं, हे सांगणार कोण?

सुईण : मी सांगेन.

अर्जवाला : तुम्हीच तर खोट्या ठरलात ना!

लेक : आई, त्या जुळ्या...

सुईण : गप गं.

लेक : त्यांची आई बाळंतपणातच गेली. आजीकडे तेवढाच कागद आहे.

सुईण : मग काय, दुसऱ्याच्या पोरांपायी माझी देऊ? कोण लागतात त्या माझ्या? नाळ कापली, संपला संबंध. लिहा हो तुम्ही. सोळा लिहा!

(अर्जवाला पेन कागदाला टेकवतो आणि तसाच थांबतो.)

अर्जवाला : आता चेष्टा नाही करत, बाई. खिडकी दोनला बंद होते. काय लिहू?

सुईण : जुळ्यांच्या आजीचा नंबर कधी आहे?

अर्जवाला : उद्या. चौथा.

लेक : काका, अठराच लिहा.

सुईण : तू कोण गं ठरवणार? काल-परवापर्यंत माझा पदर धरून चालत होतीस!

लेक : तिथं दोन महिने काढलेत आई आपण. मला सगळं माहीत आहे तिथलं.

सुईण : माझ्याबरोबर काढलेस ते.

लेक : धाकट्याला सांभाळ. काका, लिहा.

सुईण : ...दादा, तिकडे हिला त्या जाळीच्या इमारतीत तर नाही ना घालणार?

अर्जवाला : नाही. ती लहान मुलांची. ही मोठ्या बायांत.

सुईण : मोठ्या बायांत.

अर्जवाला : हं. झालं लिहून. इथं खाली, रेघेवर. तुम्ही नाही, सुईणबाई. अठराच्या माणसाची सही आईनं केलेली चालत नाही.

लेक : सही नाही हो माझी अजून. नुसतं नाव लिहिलं तर चालेल?