पान्याला आशीर्वाद

संत फ्रान्सिसच्या सणाला टेक्सासमधल्या एका चर्चबाहेर जनावरांना आशीर्वाद देण्याची रांग लागली होती. बकरीला धरून उभ्या रोझाउराबाईंचे कान पुढे लागले होते. तिथे फादरांसमोर डेल्फिनो चक्क पाना घेऊन उभा होता.

"हे कुठलं जनावर रे?"

"माझं पोट भरणारं, फादर. अणुबाँबच्या कारखान्यातला पाना बाहेर आणू देत नाहीत. हा त्याचा घरचा भाऊ."

"काय करतोस त्याने?"

"बाँबचे नट आवळतो."

"सैल नाही करत?"

"जुने बाँब मोडीत काढताना करतो की!"

"मग उलटा फिरव बघू. हं, एवढ्यापुरता आशीर्वाद."

"पण सोमवारपासून आवळायचंच काम आहे, फादर!"

"तेव्हा ते नुसतं लोखंड. चला, पुढे कोण?"

"माझ्या बकरीला तरी अख्खा आशीर्वाद द्या हो."

"देतो, रोझाउराबाई. शिंगं सोडून."