कानातली देवश्री

(जर्मनीतल्या ताउनुसच्या डोंगरातला एक रोमन किल्ला, आता नुसती जोती उरलेली. ऑक्टोबरमधला रविवार, दुपार. देवश्री दरवाजाजवळच्या बाकावर, फोनवर. तिचा नवरा यशोधन खाली पार्किंगमध्ये. त्याची आई, स्नेहलता, इअरफोन घालून एकट्याच पुढे गेलेल्या.)

देवश्री : ...आणि तू गाडीत बसून मला धीर देतोयस. छान.

यशोधन : अन्वी झोपलीये गं.

देवश्री : आपली मुलगी आठ वर्षांची आहे, यशो. ती दुपारची झोपत नाही. ते तुझं कारण आहे.

यशोधन : आई कुठाय?

देवश्री : गेल्या पुढे. मी तिकिटाच्या खिडकीपाशी होते, वळून बघते तर बाई निघाल्यासुद्धा. त्या पडक्या भिंतीमागे लाल शाल दिसतेय, बघ, म्हणजे तुला कुठून दिसणार.

यशोधन : तुझा जुना फोन चालवता येतोय ना तिला?

देवश्री : पाटीवर जो नंबर असेल तो दाबायचा, की मराठीत मी बोलायला लागते. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईबद्दल विचारतोयस तू.

यशोधन : आणि ते नऊलाच आहे ना? एकदम शेवटी?

देवश्री : गेनाऊ, बरोबर. आठ नंबरपर्यंत नुसते रोमन. जे इथल्या ऑडिओ गाइडमध्ये आहे, तेच मराठीत. नऊला रोमन, आणि मग आपण.

यशोधन : कसं सांगितलंयस?

देवश्री : सरळ. आपण जर्मन नागरिकत्व घेतोय, गुरुवारी आम्टच्या ऑफिसात कागद हातात मिळणार, मग भारतीय पासपोर्ट परत करायचे. जे तू आई आल्यापासून रोज 'आज रात्री सांगतो' म्हणतोस, तेच.

यशोधन : आल्झो, म्हणजे तू नाहीतरी रेकॉर्ड करत होतीसच...

देवश्री : म्हणून तुझंही माझ्या तोंडून. कळलं मला ते.

यशोधन : देवू, ती रडली तर?

देवश्री : रडल्या तर रडतील. मला भीती वेगळीच आहे. त्या काहीच बोलणार नाहीत, आणि उद्या सकाळी चहा पिताना परतीचं तिकीट अलीकडे घ्यायला सांगतील.

*

कानातली देवश्री (क्रमांक आठ) : आई, या लांबच लांब खोल्या म्हणजे सैनिकांची चाळच समजा. एकेका खोलीत सात-आठ जण. पण हे रोमचे नव्हते बरं का. ज्यांची गावं रोमनं जिंकली, त्यांचीच पोरं आणून इथे रोमच्या हद्दीवर उभी केलेली. कुठून कुठून आलेली. हा पाऊस, ही थंडी, ही बुटाला चिकटणारी माती. तुमच्या बुटाची नाडी सुटत असते, तेवढी बघा. खाली वाकू नका, दगडावर पाय ठेवून बांधा.

*

यशोधन : आता कुठे पोचली?

देवश्री : एका जोत्यावर पाय ठेवून नाडी बांधतायत.

यशोधन : म्हणजे बरी आहे.

देवश्री : अजून काही ऐकलंच नाहीये त्यांनी, बऱ्याच असणार.

*

कानातली देवश्री (क्रमांक सहा) : हे साहेबाचं घर. फरशीखाली पोकळी दिसतेय का? बाहेर जाळ करायचा आणि गरम हवा या पोकळीतून फिरवायची. म्हणजे वर साहेब उबेत, आणि बाहेर कुणीतरी लाकडं घालत बसलेला. काचेखाली एक कौल ठेवलंय. त्यावर कुत्र्याचा पाय उमटलाय. कौल वाळत घातलेलं, वरून कुत्रं गेलं. आई, इथलं सगळं मी विसरेन, पण हे कुत्रं नाही. मिरजेला अंगणातला कोबा ओला असताना मोत्या त्यावरून गेला होता, आणि तुम्ही बाबांना ते बुजवू दिलं नाही, ते आठवलं.

*

स्नेहलता : अगं देवश्री! इकडं ये की. किती वेळ फोनवर आहेस? कुणाशी, यशोधनशी?

देवश्री : हो, आई. आवडतंय का तुम्हाला?

स्नेहलता : तू सांगतेस चांगलं. फक्त मागे तुमचा फ्रिज घुरघुरतोय.

देवश्री : स्वयंपाकघरात केलं ना रेकॉर्ड. रात्री.

स्नेहलता : होय, कळतंय. आवाज चोरून बोललीयस. ह्या विहिरीत नाणी टाकलीयत लोकांनी.

देवश्री : इच्छा मागतात आणि टाकतात.

स्नेहलता : पुरी होते?

देवश्री : काय माहीत.

स्नेहलता : मला सांग, हे सैनिक परत जायचे का गं आपापल्या गावी?

देवश्री : ते... ते पुढे येईल.

स्नेहलता : पुढे येईल. बरं.

देवश्री : थंडी वाजतेय का? कॉफी आणू?

स्नेहलता : नको. मी निघायच्या आधी मतदार यादीवाला आला होता. तो जोशीबाईंचा भाचा, शाळेत मास्तर आहे तो. दर वेळी येतो बिचारा, जिना चढून. विचारतो, यशोधन आहेत का, देवश्री आहेत का. मी म्हणते आहेत. म्हणतो, कुठं आहेत? मी म्हणते, नोकरीला आहेत बाहेर, येणार आहेत. तो खूण करतो आणि चहा पिऊन जातो.

देवश्री : दर वेळी?

स्नेहलता : दर वेळी. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा खरं होतं. मग सवय झाली. तुझा चेहरा का असा झालाय?

देवश्री : ऊन आलं डोळ्यांवर.

स्नेहलता : ढग आहेत की. बस तू. मी पुढचं ऐकते. ते मधे खांब रोवलेत, तेच ना त्यांचं देवघर?

देवश्री : हो. त्याला नंबर नाही. वाट नुसती भोवतीनं आहे.

स्नेहलता : बरोबरच आहे. भोवतीनंच असायची.

*

यशोधन : काय म्हणाली?

देवश्री : मतदार यादीबद्दल बोलल्या. यशो, त्यांना कसली तरी कुणकुण लागलीये.

यशोधन : कशी लागेल? आपण अन्वीलासुद्धा बजावून ठेवलंय.

देवश्री : अन्वीनं शाळेत सगळ्यांना सांगून झालंय. तिच्या वर्गात केकसुद्धा ठरलाय.

यशोधन : आई तिच्या शाळेत जात नाही. आता कुठे आहे ती?

देवश्री : आत्ता विहिरीपाशी होतो, ती पाच. आता पुढच्या पाटीपाशी उभ्या आहेत. म्हणजे सहा. साहेबाचं घर. नाही. थांब.

यशोधन : काय झालं?

देवश्री : तिथे धान्याचं कोठार आहे. ते सहा नाही, ते... यशो, ती चारची पाटी आहे.

यशोधन : मग चुकली असेल. तिला सांग, मागे जा.

देवश्री : चुकल्या नाहीयेत त्या. नीट चालल्यायत, एकेक पाटी घेत. पाच, मग चार, आता तीनकडे निघाल्या.

यशोधन : उलटी?

देवश्री : सुरुवातीला लाल शाल डाव्या भिंतीमागे होती. मी बघत होते, आणि मला दिसलं नाही. तू वर ये.

यशोधन : अन्वी...

देवश्री : तिला घेऊन ये. आत्ता.

*

देवश्री : आई! आई, थांबा जरा. इअरफोन काढा. तुम्ही कुठून सुरू केलंत?

स्नेहलता : दारातून.

देवश्री : दारात बाण होता. उजवीकडे.

स्नेहलता : होता की. पण गाडीत तूच म्हणालीस, मधोमध त्यांचं देवघर, तिथं निशाणं आणि मूर्ती ठेवायचे. मग उजवीकडून कशी जाऊ? देव डाव्या हाताला आला असता. मी डावीकडून निघाले. रीतसर प्रदक्षिणा घातली.

देवश्री : रोमन किल्ल्याला?

स्नेहलता : देवाला. किल्ला आपला वाटेत आला.

देवश्री : म्हणजे तुम्हाला पहिली पाटी लागली...

स्नेहलता : नऊची.

*

कानातली देवश्री (क्रमांक नऊ) : आई, इथे पितळेसारख्या पत्र्याची नक्कल लावलीये बघा. परक्या सैनिकानं पंचवीस वर्षं चाकरी केली, की त्याला रोमचा नागरिक करायचे आणि तसं ब्राँझच्या पत्र्यावर कोरून द्यायचे. आई, आम्ही पण करतोय. मी, यशोधन आणि अन्वी. गुरुवारी मिळेल. मग आपले पासपोर्ट परत करावे लागतील, कारण दोन्ही ठेवता येत नाहीत. तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. आम्ही तुमच्यापासून... नाही, हे नीट म्हणता येत नाहीये मला. तुम्ही गुरुवारी यावं असं वाटतं. आता दार समोरच आहे. मी बाकावर बसलेली असेन.

*

देवश्री : हे सगळं ऐकून मग तुम्ही पुढे गेलात?

स्नेहलता : प्रदक्षिणा अर्धी सोडत नाहीत.

देवश्री : आणि विहिरीपाशी माझ्याशी नाण्यांबद्दल बोललात.

स्नेहलता : तू माझ्याशी कॉफीबद्दल बोललीस.

देवश्री : रागावलायत.

स्नेहलता : मग काय करू? एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा लोक तीन मिनिटांच्या ट्रंककॉलवर मयत कळवायचे. रडत, ओरडत, पण कळवायचे. तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून तीन आठवडे आमटी भुरकताय.

देवश्री : चुकलं, आई.

स्नेहलता : नऊ ऐकलं आणि वाटलं, दारातून बाहेर पडावं. तू खिडकीपाशी पाठमोरी होतीस. मग म्हटलं, पुढं काय आहे ते तरी बघू. आठला तू म्हणालीस, बुटाची नाडी बघा. बघते तर खरंच सुटलेली. मला इतका राग आलेला, आणि मी मुकाट्यानं नाडी बांधतेय.

देवश्री : मी बघत होते.

स्नेहलता : सहाला मोत्या आला. तुला कसं आठवलं गं ते?

देवश्री : लग्न होऊन आले तेव्हा पहिलं तेच दाखवलंत तुम्ही. घर नंतर.

स्नेहलता : होय. उंबऱ्याच्या आधी कुत्र्याचा पाय. हे म्हणाले होते, सूनबाईला वाटेल वेड्यांच्या घरात आले.

देवश्री : मला बरं वाटलं होतं.

स्नेहलता : मला एकच सांग. हे पत्रा घेणारे सैनिक. त्यांच्या आयांना कोण कळवायचं?

देवश्री : ते गाइडमध्ये नव्हतं.

स्नेहलता : नसणारच. आला बघ माझा लेक. अन्वी कुठाय रे?

यशोधन : खाली उतारावर चेस्टनट वेचतेय. आई, मी...

स्नेहलता : झोपली होती ना ती?

यशोधन : उठली.

स्नेहलता : तिच्या शाळेत माहितेय म्हणे. केक आहे.

यशोधन : तुला कोणी...

स्नेहलता : ही फोनवर किती मोठ्यानं बोलते, आणि इअरफोनमधला आवाज दोन नंबरांच्या मधे बंद असतो. ते जाऊ दे. देवश्रीचं ऐकलं मी. आता तू सांग.

यशोधन : तिनं सांगितलंय ना सगळं.

स्नेहलता : तिनं सांगितलं. तू सांग.

यशोधन : आई, इथे नोकरी, अन्वीची शाळा, व्हिसाची दर वेळची ती धावपळ...

स्नेहलता : का करताय ते विचारलं नाही मी. काय करताय ते सांग.

यशोधन : आम्ही जर्मन नागरिक होतोय. गुरुवारी.

स्नेहलता : आणि?

यशोधन : आणि आम्ही परत येणार नाही. राहायला.

स्नेहलता : हं. हे नऊला नव्हतं.

देवश्री : ते मला म्हणता आलं नाही.

स्नेहलता : म्हणून तर तुला विचारलं नाही. बरं केलंस बोललास, यशोधन. आता मला त्या मास्तराला काहीतरी खरं सांगता येईल.

यशोधन : काय सांगशील?

स्नेहलता : सांगेन, नावं काढ. आणि चहा पी.

यशोधन : आई...

स्नेहलता : हात धरू नकोस, पडत नाहीये मी. गुरुवारी किती वाजता आहे?

देवश्री : दहाला. तुम्ही याल?

स्नेहलता : येईन. टाळ्या वाजवणार नाही.

यशोधन : नको वाजवू.

स्नेहलता : आणि चार दिवस मला कुणी 'कशी आहेस' विचारू नका. मी बरी नाही. होईन तेव्हा होईन. सरक, शेवटची पाटी राहिलीय माझी.

देवश्री : आई, ते एक नंबर आहे. त्यात काही नाही. नुसती सुरुवात.

स्नेहलता : असू दे. पुरी करते.

*

कानातली देवश्री (क्रमांक एक) : आई, ऐकू येतंय ना? मी देवश्री. हे मोठं दार. उंबऱ्याच्या दगडाला गाड्यांच्या चाकांनी खाचा पडल्यात, त्यात पाय अडकवू नका. या, आत या. घाई करू नका. दमलात तर कुठेही बसा, मी आहेच मागे.

*

देवश्री : झालं?

स्नेहलता : झालं. धर तुझा जुना फोन.

देवश्री : मी पुसून टाकते सगळं.

स्नेहलता : पूस. ते नऊ तर पूसच. एक नंबर तेवढा माझ्या फोनवर घालून दे.

देवश्री : त्यात तर नुसतं 'या, आत या' आहे.

स्नेहलता : होय. मिरजेला कुलूप उघडताना लागेल.