डावा हात

रत्नम्मा : जरा तिकडं सरका की. अर्धा बाक तुमच्या पिशवीनंच खाल्लाय.

संगप्पा : पिशवीत तुझाच गुडघा हाय. एक्स-रे, गोळ्या, मलम, पट्टा. खऱ्या गुडघ्यापेक्षा पिशवीतलाच जड झालाय.

(लातूरहून निलंग्याला निघालेली एसटी. तिघांच्या बाकावर खिडकीशी लेक वर्षाराणी, मधे संगप्पा, कडेला पाय लांब करून रत्नम्मा.)

वर्षाराणी : अप्पा, सगळंच हसण्यावारी नेऊ नका. अव्वा, ती काठी दे माझ्याकडं. डाव्या हातात धरा म्हणून डॉक्टरांनी उठून चालून दाखवलं, आणि तू गाडीत चढताना पुन्हा उजव्याच हातात धरलीस.

रत्नम्मा : दुखतो कोणता? उजवा. मग टेका उजवीकडंच नको का?

वर्षाराणी : नको. उजवा पाय टाकताना काठी डावीकडं टेकली की भार वाटून जातो. दुखऱ्या बाजूलाच धरलीस तर सगळं अंग त्याच गुडघ्यावर कलतं.

रत्नम्मा : डाव्या हाताचं बोलू नको.

वर्षाराणी : का पण?

रत्नम्मा : लग्नाआधीपासनं त्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करते मी. त्याच हातात आता काठी धरू? स्टँडवरच्या थुंकीत टेकलेली?

संगप्पा : हात धुता येतो की.

रत्नम्मा : तुमचा येतो.

वर्षाराणी : बरं, काठीचं राहू दे. मागच्या खेपेला सांगितलेला व्यायाम तरी करतेस का?

रत्नम्मा : करते की.

संगप्पा : लई करती! गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठिवती आन् तिच्यावर पाय टाकून घोरती.

वर्षाराणी : अव्वा, ती गुंडाळी गुडघ्यानं खाली दाबायची असते. मांडी आवळायची, जरा धरायची, सोडायची. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार ती उचलते. औषधापेक्षा हेच मोठं, असं म्हणाले ते.

रत्नम्मा : शेजारची धोंडाबाई एरंडाची पानं शेकून बांधती. आता लग्नात जाऊन नाचून आली.

वर्षाराणी : शेकानं आराम पडतो, बांध की. पण तुझ्या सांध्यातली गादी झिजलीय. फोटोत दाखवलं ना, डावीकडं दोन हाडांत फट दिसती, उजवीकडं हाडाला हाड लागलंय.

संगप्पा : आमच्या गिरणीचं तसंच. खालच्या तळीवर वरची पाळ घासायली की पीठ गरम येतं. मग आपण दगडाला टाकी लावून घेतो. ह्यांच्याकडं टाकीवाला न्हाई का कुणी? ती सुई म्हणाले ते काय?

वर्षाराणी : सुईनं सूज उतरते. थोडे आठवडे बरं वाटतं. गादी परत येत नाही. आणि घडीघडी घेता येत नाही.

संगप्पा : मग बेअरिंगच बदलायचं.

वर्षाराणी : अप्पा, तुमच्यासमोरच बोलणं झालं. हिचं हृदय बघता भूल द्यायला तयार नाहीत. आणि बदलला तरी खाली—

रत्नम्मा : खाली काय?

वर्षाराणी : काही नाही. बिस्किट घे.

रत्नम्मा : डॉक्टरबी असंच. मी इचारलं, खाली मांडी घालून कधी बसता येईल? तर म्हणतोय, आजी, चहात साखर किती घेता?

वर्षाराणी : वजनासाठी विचारलं. थोडं उतरलं तरी गुडघ्याला लई फरक पडतो.

रत्नम्मा : साखरेचं मी सांगितलं. माझं त्यानं सांगितलं का?

वर्षाराणी : मलम लाव म्हणाले. फारच ठणकलं तर गोळी, तीही जेवल्यावर. मागची पाकिटं आहेत तशीच आहेत, मी बघितलं. गोळ्या का घेतल्या न्हाईस?

रत्नम्मा : जेवल्याबिगर घ्यायची न्हाई म्हणले. पूजा झाल्याबिगर मी जेवत न्हाई. आन् गुडघ्याचं दुखणं उतरल्याबिगर पूजेला खाली बसता येत न्हाई. आता सांग, कुठनं सुरू करू?

वर्षाराणी : म्हणजे काय? मी रोज सकाळी फोन करते. पूजा झाली का विचारते. झाली म्हणतेस.

(रत्नम्मा पुढं वाकून गुडघा चोळायला लागते.)

वर्षाराणी : अप्पा? तुम्हीपण झाली म्हणता.

संगप्पा : खिडकी लाव गं जरा. धूळ यायली.

वर्षाराणी : अप्पा!

संगप्पा : दिवाळीपासनं बसली न्हाई ती. रोज देवघराची कडी आतनं लावती. बाहेर येती तवा कपाळाला विभूती असती. पण घंटी वाजत न्हाई.

रत्नम्मा : तुमाला ठाव होतं?

संगप्पा : गिरणीत बसून कान गेला, पण तेवढा न्हाई गेला.

रत्नम्मा : मग बोललाव न्हाई ते?

संगप्पा : मला वाटलं, मी बोललो की ते खरं होईल.

वर्षाराणी : अगं, मग खुर्चीवर बसून कर ना! मठातल्या स्वामी अज्जांनी सांगितलंय चालतं म्हणून. ते स्वतः आता खुर्चीवर बसतात.

रत्नम्मा : केली की. स्टूल घेतलं, खुर्ची घेतली, लिंग हातावर घेतलं. पाय खाली लोंबकळलेले. हितं गाडीत बसलेय ना, तसंच वाटलं. सगळा वेळ ध्यान एकच, कधी उतरायचं. मग करडीगेत, त्याच्या चांदीच्या डबीत, ठिवून दिलं. गळ्यात हाय. हातावर घेत न्हाई.

वर्षाराणी : आणि जेवण?

रत्नम्मा : दोन दिस राहिले तशीच. मग भूक लागली. जेवले.

वर्षाराणी : बरं केलंस अव्वा.

रत्नम्मा : बरं कसलं. भाकर गोड लागली, त्याचंच लई वाईट वाटलं.

संगप्पा : ती ज्वारीच चांगली होती औंदा.

रत्नम्मा : तुमी गप बसा. वर्षा, आता तू खरं सांग. समदं करते. टॉवेल दाबते, मलम लावते, चहा बिनसाखरेचा. पुन्हा मांडी घालून खाली बसणं होईल का माझं?

वर्षाराणी : चालणं सुधारेल बघ. दुखणं उतरेल. सपाटीवरनं तू बाजारात, मठात—

रत्नम्मा : चालायचं इचारलं न्हाई मी.

वर्षाराणी : अगं, कमोड बसवून घेऊ, उंच पलंग करू. ताण पडला नाही की—

रत्नम्मा : वर्षा.

संगप्पा : औसा आलं वाटतं.

रत्नम्मा : औसा मगाशीच गेलं.

वर्षाराणी : अव्वा, डॉक्टरांनाच आपण पुढच्या खेपेला…

संगप्पा : राहू दे वर्षा. किती फिरवशील. हे बघ गं, इकडं बघ माझ्याकडं. न्हाई होणार. दुखणं कमी होईल, चालशील, पण खाली बसणं संपलं तुझं. डॉक्टर मला आन् वर्षाला बाजूला घेऊन बोलला, मी परत आल्यावर तुला सांगितलं की तो पंखा बंद हाय म्हणत होता.

(रत्नम्मा लांब केलेला पाय दोन्ही हातांनी जवळ ओढून घेते.)

वर्षाराणी : अव्वा?

रत्नम्मा : काठी दे इकडं. आपलं स्टँड येईल आता.

वर्षाराणी : घे.

रत्नम्मा : ह्या न्हाई, त्या हातात दे. रिकामाच हाय तो.