रावणाची पाळी

सन्माननीय अध्यक्ष राघोकाका पाटील, किन्हवलीहून मुद्दाम आलेले हेडमास्तर, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, वाडीवरचे माझे सोबती आणि पडवीत दाटीवाटीनं उभ्या असलेल्या आयाबहिणींनो,

शाल दिलीत, नारळ दिलात, भरून पावलो. उद्या गावच्या बोहाड्यात मुखवट्यांची सोंगं नाचणार, आणि परवा मी पोलादाच्या कारखान्यावर रुजू व्हायला निघालो, म्हणून हा निरोप. मास्तरांचा हुकूम झालाय, 'नथू, दोन वर्षं जर्मनीत पोलादाचं काम शिकताना काय मजा केलीस ते सांग.' खोटं कशाला बोलू? खूप केली! सुरुवातीला शनिवार आला की सगळे नटूनथटून बाहेर पडत, मी खोलीत एकटा बटाटे सोलत बसे. मग भट्टीवरच्या ओटोआजोबांनी हाताला धरून बाहेर काढलं. नाटकाला नेलं. तिथं दारातच कोट काढून द्यावा लागतो. मी काही देईना. आतला सदरा फाटका होता ना!

आणि फेब्रुवारीत तिथं काय पाहिलं असेल? बोहाडा! हसू नका. लाकडी मुखवटे, घंटा, गावभर नाच. आपल्यासारखंच एकेक सोंग एकेका घराचं. ओटोआजोबांचा मुलगा लढाईवरून परतला नव्हता. त्याचा मुखवटा म्हाताऱ्यानं स्वतः माझ्या तोंडाला बांधला आणि म्हणाला, "नाच. जड झाला तर काढ." मी दिवसभर नाचलो. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

दोन महिन्यांनी इथं आपला बोहाडा उभा राहिला. रावणाचं सोंग आमच्या घराचं. मी तिकडे, म्हणून पाळी आली धाकट्या भावावर, बारकूवर. तो तापानं फणफणला होता. त्याची बायको बाईजा अध्यक्षांच्या दारात गेली. "काका, येवढी पाळी चुकवा. त्यो उठत नाय वो." काका, तुम्ही काय म्हणालात? "पाळी चुकली तर देवी कोपंल. एक फेरा मार म्हनावं त्याला." असंच ना?

दहा तोंडांचा बोजा बांधून बारकू नाचला आणि देवळासमोर कोसळला. लोकांना वाटलं, वा, रावण काय झकास पडला! टाळ्या वाजल्या. संबळ थांबेना. वाडीवरच्या सावळ्यानं धावत जाऊन बोजा सोडवला, पण बारकूनं डोळे उघडले नाहीत. शिक्षण टाकून येईन म्हणून मला कुणी कळवलं नाही. आटगावला गाडीतून उतरलो, समोर बाईजा उभी. तिचं कपाळ पाहिलं आणि कळलं.

मघाशी अध्यक्षांनी जाहीर केलं, यंदा रावण मी नाचणार. नाही काका. तो मुखवटा पेटीबाहेर निघणार नाही. देवीला कोपायचं असेल तर कोपू दे. आमच्या घरातून न्यायला आता मी एकटाच उरलोय.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर आपलं लेकरू समजून पोटात घाला. बारकूचं मरण मात्र पोटात घालू नका.