पुण्यातली आठ वर्षं आणि रुकीचं बक्षीस

मला बेसबॉलवर बोलायला लावू नका, एकदा बोललोय तेवढं पुरे आहे. दोन हजार एक साली मी अमेरिकेत बेलव्ह्यूला नवीन होतो. ऑफिसात रोज लंचला एकच वाद चालायचा, यंदा बेसबॉलमधल्या सर्वोत्तम नवख्याचं, म्हणजे रुकीचं, बक्षीस कुणाला मिळावं. इथल्या टीममधला एक जण जपानात कित्येक वर्षं खेळून आला होता. अर्धे लोक म्हणायचे, हा कसला रुकी? माझा बॉस स्टीव्ह मात्र त्याचा भक्त.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी टेबलावर हात आपटून म्हणालो, "तिकडचा अनुभव इथे धरायचाच नाही. देश बदलला की माणूस पहिल्या दिवसापासून नवा."

स्टीव्ह जाम खूश झाला.

पुढच्याच आठवड्यात माझं अप्रेझल होतं. म्हटलं, "स्टीव्ह, पुण्यात आठ वर्षं काम केलंय मी. आता सीनिअर करा."

तो शांतपणे म्हणाला, "सीनिअर कसं करणार? पण रुकीच्या बक्षिसासाठी तुझं नाव नक्की देतो."

घरी बायकोने विचारलं, "काय झालं रे प्रमोशनचं?"

म्हटलं, "बक्षिसासाठी नाव गेलंय."